सेटभाऊ

सेठ आणि सेट यांच्यात लिहिताना एका अक्षराचा फरक. गोंदियात मात्र त्या फरकात अख्खा बाजार मावतो. सेठची राईस मिल असते, त्याच्याकडे पैसा असतो आणि तो कमी बोलतो. सेटकडे मिल नसते, पैसा नसतो आणि कमी बोलणं त्याला जमत नाही. त्याच्याकडे एक क्रियापद असतं. तेवढ्यावर त्याचं आयुष्य निघतं.

या इसमाला आम्ही सेटभाऊ म्हणतो. हे कुण्या एकाचं नाव नव्हे, हे पद आहे. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव असे जिल्ह्याचे आठ तालुके. त्यातल्या एकातही हे पद कधी रिक्त राहिल्याचं ऐकिवात नाही. जाहिरात निघत नाही, मुलाखत होत नाही, निवृत्तीचं वय नाही. एक सेटभाऊ थकला की त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून फिरलेला कुणी पोट्टा हँडल हातात घेतो.

तहसील कचेरीच्या फाटकासमोर एक पानठेला असतो. असतोच. कचेरीचं कुलूप निघायच्या आधी सेटभाऊ तिथं हजर. पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन त्याला वापरताना कुणी पाहिलेलं नाही. पण लाल शाईनं सही करणाऱ्या जातीतला माणूस आहे, असा समोरच्याचा समज व्हायला ते पुरतं. मोटारसायकलच्या हँडलला प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात दुसऱ्यांचे पासपोर्ट फोटो, दुसऱ्यांच्या सातबाऱ्यांच्या झेरॉक्स, रेव्हेन्यूची तिकिटं, अंगठ्याचं स्टॅम्पपॅड आणि एक डिंकाची बाटली. स्वतःचा असा एकही कागद त्या पिशवीत नसतो.

गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा खर्रा. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून पुडी पुढं करतो. सेटभाऊ ती डाव्या तळहातावर घेऊन उजव्या अंगठ्यानं घोटत घोटत समोरच्याची कहाणी ऐकतो. जाणकार माणूस त्याच्या तोंडाकडे पाहत नाही, अंगठ्याकडे पाहतो. उत्पन्नाचा दाखला असेल तर अंगठा दोन-चार वेळा फिरतो आणि थांबतो. जातीचा दाखला, त्यात आजोबाच्या शाळेचा कागद सापडत नाही, अशी भानगड असेल तर अंगठा सावकाश, गोल गोल फिरतो. भावाभावांतला फेरफार म्हटलं की सुपारीचं पीठ होतं. मग पुडी उघडते, चिमूट गालात जाते, आणि भरल्या तोंडानं निकाल येतो :

“तू काऊन घाबरून राहिला बे? मी आहो ना. सेट करून देतो.”

एवढं ऐकलं की माणूस हलका होतो. अर्ज तिथल्या तिथं, अंगठा तिथल्या तिथं. काम झालेलं नसतं. पण काम आता आपल्या डोक्यावर राहिलेलं नसतं. मला विचाराल तर सेटभाऊचा खरा माल हाच आहे.

या शब्दाची मापं मोठी आहेत. इंग्रजांच्या ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा तिच्यात सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदले होते आणि ते समजावून सांगायला साठ हजार शब्द लागले होते. इतके अर्थ दुसऱ्या कुठल्याच शब्दाला नव्हते. पुढं त्याच कोशाच्या संपादकांनी रन हे क्रियापद नव्यानं तपासलं. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकानं त्यावर नऊ महिने काढले आणि अर्थ भरले ६४५. सेटचा पहिला नंबर गेला. ही हकिगत मी आमच्या तालुक्याच्या सेटभाऊला सांगितली. त्याला नंबर गेल्याचं वाईट वाटलं नाही. त्याचं लक्ष नऊ महिन्यांवर होतं.

“नऊ महिने? मले सांगितलं असतं तर पंधरा दिवसांत सेट करून दिलं असतं.” आणि थोडं थांबून, “रन म्हंजे धावणं ना जी? आपल्याकडे कोन धावते?”

खरंच आहे. गोंदियात धावतं कोण? आणि सेट तर सगळंच होत असतं. नवा मोबाईल घेतला, सेटिंग करून द्या. न्हाव्याकडे केस सेट. मिस्त्रीकडे मोटारसायकलच्या कार्बोरेटरची सेटिंग. सुनेच्या अंगावर सोन्याचा सेट, सासऱ्याच्या तोंडात दातांचा सेट, आणि दोघांच्या मध्ये टीव्हीचा सेट. पोराला नोकरी लागली की सेट झाला, पोरगी सासरी रुळली की सेट झाली, म्हातारा आजारातून उठून पुन्हा ठेल्यावर दिसला की “सेट झाला बुढा.” पोट बिघडलं तर अपसेट. आमच्या आज्यांकडे यातल्या प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद होतं. त्या दही लावायच्या, लग्न जुळवायच्या, चूल मांडायच्या, भांडण मिटवायच्या. निखळलेलं हाड हाडवैद्य बसवायचा. आता आमच्याकडे दही सेट होतं, लग्न सेट होतं, हाडही सेटच होतं. मराठीच्या काळजीवाहूंना याचं दुःख व्हावं, मला तितकंसं होत नाही. हिंदी, छत्तीसगढी, पोवारी, गोंडी आणि झाडीबोली अशी पाचही बाजूंनी येणारी माणसं ज्या फाटकासमोर उभी असतात, तिथं सगळ्यांना कळणारा एक शब्द सापडला, तर तो कुठून आला हे विचारत बसायला सवड कुणाला आहे?

घोटाळा होतो तो बाहेरून आलेल्या माणसाचा. साताऱ्याकडचे एक साहेब बदलीवर इकडे आले होते. मुलीच्या लग्नाच्या काळजीत होते आणि ते त्यांनी चहा पिता पिता बोलून दाखवलं. सेटभाऊनं खुर्ची पुढं ओढली.

“साहेब, टेन्शन नका घेऊ. तुमच्या पोरीची सेटिंग मी करून देतो.”

साहेबांच्या हातातला कप तिथंच राहिला. आमच्या कॉलेजातल्या पोरांत सेटिंग कशाला म्हणतात ते साहेबांच्या कानावर नुकतंच आलं होतं. सेटभाऊला वाटलं, साहेबांना भरवसा वाटत नाही. म्हणून त्यानं भर घातली.

“आपली बालाघाटपर्यंत सेटिंग आहे जी. चार ठिकाणी बोलून ठेवतो, जिथं सेट होईन तिथं होईन.”

शेवटी कचेरीतल्या एका शिपायानं मध्यस्थी केली; पुढचं त्याच्याकडून ऐकावं. साहेब नंतर दोन वर्षं गोंदियात होते; सेटभाऊ दिसला की रस्ता ओलांडायचे. मुलीचं लग्न मात्र झालं, चांगल्या घरी झालं, आणि ते आपण सेट केलं असं सेटभाऊ आजही सांगतो.

इथं त्याच्या विद्येचं मर्म आहे, म्हणून जरा थांबतो. इंग्रजीत सिमेंट सेट होतं, जेली सेट होते, सूर्यसुद्धा सेट होतो. यातलं काहीच कुणी करावं लागत नाही. वेळ गेला की ते होतं. गजर मात्र सेट करावा लागतो, परीक्षेचा पेपर सेट करावा लागतो. तो आपण होऊन होत नाही. शब्द तोच. होण्यालाही तोच, करण्यालाही तोच. मराठीत आपण निदान ‘होणे’ आणि ‘करणे’ असं शेपूट लावून फरक ठेवतो. सेटभाऊनं हे शेपूट बदलण्यात नैपुण्य मिळवलं आहे. जे होणारच आहे ते तो केलेलं म्हणून सांगतो. सूर्य बुडाल्यावर कुणी विचारलंच, तर “आत्ताच सेट करून आलो” म्हणायला तो कमी करणार नाही.

धानाच्या हंगामात ही विद्या पाहावी. दिवाळी उलटली, चुरणे झाले की आधारभूत खरेदी केंद्रावर गर्दी. ऑनलाइन नोंदणी, सातबारा, पेरेपत्रक, बँकेचं पासबुक आणि बारदाना आला नाही ही बातमी. त्यातच धान परत येतं, कारण ओल जास्त. सरकारी नियमानं १७ टक्क्यांवर ओल चालत नाही आणि यंत्र दाखवतं १९. शेतकऱ्याला वाटतं, यंत्रातच काहीतरी लोचा आहे. तो सेटभाऊकडे येतो.

सेटभाऊ पोत्यात हात घालतो. मूठभर धान काढतो, त्यातला एक दाणा दाढेखाली धरतो. कट् असा आवाज यायला हवा तिथं दाणा नुसता दबतो. सेटभाऊ तो थुंकतो आणि गंभीर होतो.

“थोडं कठीण आहे. पण करतो. दोन-तीन दिवस लागतीन, वर बोलावं लागन. तोवर असं कर, हे धान घरी ने, अंगणात ताडपत्री टाकून पसरव. पातळ पसरव बरं. दुपारी पाय फिरवून उलटव. संध्याकाळी झाकून ठेव, दव पडते. इथं ठेवशीन तर कुनाची नजर पडन.”

शेतकरी मान डोलवतो. डिसेंबरचं ऊन तीन दिवस आपलं काम करतं. चौथ्या दिवशी सेटभाऊ पुढं, शेतकरी मागं, पोती ट्रॅक्टरवर. ग्रेडरपुढं सेटभाऊ हात जोडून एवढंच म्हणतो, “साहेब, आपला माणूस आहे.” ग्रेडर कोण आपला, कोण परका हे न पाहता नळी पोत्यात खुपसतो, दाणे यंत्रात टाकतो, आकडा वाचतो : १६.५. “घ्या मोजून.” शेतकरी डोळे विस्फारून सेटभाऊकडे पाहतो. सेटभाऊ लांब कुठंतरी पाहत असतो, मोठी माणसं उपकार केल्यावर पाहतात तसा.

आता यात फसवणूक कुठं आहे ते दाखवा. सल्ला शंभर नंबरी. कृषी विभागाचा माणूस हाच सल्ला देता तर शेतकऱ्यानं तो या कानानं ऐकून त्या कानानं सोडला असता. “धान वाळवून आण” यात आज्ञा आहे. “मी वर बोलतो, तू तोवर पसरव” यात कट आहे, आणि कटात सामील व्हायला सगळ्यांना आवडतं.

रेल्वेतही तेच. गोंदिया मोठं जंक्शन. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस इथून निघते, कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस इथून निघते. सुट्टीच्या दिवसांत वेटिंगचं तिकीट हातात घेऊन माणसं सेटभाऊकडे येतात. तो पीएनआर तळहातावर लिहून घेतो. कागदावर नाही, तळहातावर. त्यात गोपनीयता आहे. पण वेटिंग किती आहे ते आधी विचारतो. आठ-दहा असेल तर “झालं समज.” चाळीसच्या वर असेल तर नेमकी त्याच आठवड्यात त्याची रेल्वेतल्या माणसाशी बोलाचाली बंद झालेली असते. गाडीचा चार्ट तयार होतो, मोबाईलवर बर्थचा नंबर येतो, आणि प्रवासी अकोल्याला पोचल्यावर आठवणीनं सेटभाऊला फोन करतो. “पोचलो जी, खालचा बर्थ भेटला.” “भेटन ना,” सेटभाऊ म्हणतो, “खालचाच सांगितला होता मी.”

खरी सेटिंग पाहायची असेल तर मात्र ठेला सोडून राईस मिलमध्ये जावं लागतं. तिथं रबराचे दोन रोल कमीजास्त वेगानं फिरतात आणि धान त्यांच्या फटीतून जातं. सगळी गोम त्या फटीत. फट मोठी राहिली की धान टरफलासकट जसंच्या तसं खाली येतं. आवळली की तांदूळ तुटतो, कणी वाढते, रबर झिजतं ते वेगळंच. सरकारी धानाची भरडाई करताना क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ मोजून द्यायचा असतो, तेव्हा तुटलेल्या दाण्याचा हिशेब कुणालातरी लागतोच. मिलचा मिस्त्री चालत्या यंत्राच्या तोंडाशी हात धरतो, मूठ भरली की उजेडात येतो, तळहातावर बोट फिरवून टरफलाचे दाणे एका बाजूला करतो. ते मोजतो, फुंकर मारतो. चाकाला पाव फेरा देतो. पुन्हा मूठ. पुन्हा उजेड. धान बदललं, ओल बदलली, की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा सेटभाऊला घेऊन तिथं गेलो होतो. त्याच्या भावकीचं धान होतं. तो मिस्त्रीच्या खांद्यावरून वाकून दहा मिनिटांत तीनदा म्हणाला, “झालं ना सेट?” मिस्त्री तिन्ही वेळा म्हणाला, “पाहून राहिलो.” दिवसभरात त्या माणसाच्या तोंडून सेट हा शब्द आला नाही. त्याचं तोंड गमछ्यानं बांधलेलं होतं, हेही कारण असेल.

सेटभाऊ पुरा फुलतो तो मंडईच्या दिवसांत. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई भरते, कुठं शंकरपट असतो, आणि रात्रभर नाटक. वडस्याच्या कंपन्या होळीपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी. नाटक समितीत सेटभाऊ असतो. निवडून आलेला नसतो, पण असतो. तारीख त्यानं सेट केलेली, कंपनी त्यानं सेट केलेली, लावणीवाली नटी त्यानं सेट केली हे तो जरा सांभाळून सांगतो, कारण समोर वहिनी बसलेल्या असतात. वहिनींना शब्दाचे सगळे अर्थ पाठ आहेत. दहा वाजतात, अकरा वाजतात. लोक ब्लँकेट पांघरून बसलेले, पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली आणि पडदे घेऊन येणारी गाडी रस्त्यात कुठंतरी पंक्चर. सेटभाऊ माईक हातात घेतो.

“रसिक मायबाप, शांत राहा. सेट येऊन राहिला. सेट आला की सेट सेट करायला अर्धा तास. तोवर समितीनं आवाज सेट करून घेतलेला आहे.”

माईक किंचाळतो. लोक हसतात. नाटक साडेबाराला सुरू होतं आणि उजाडल्यावर संपतं. सगळे नट मेहनतीचे असतात, गाणारे जोरकस असतात. पण घरी जाताना लोकांच्या तोंडी ते एकच वाक्य असतं.

याच शब्दानं एका बापाला मात्र रडवल्याचं पाहिलं आहे. पोरगा शिकलेला, एमए. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ प्राध्यापकपदाची जी पात्रता परीक्षा घेतं, तिचं नावच सेट. पोरगा ती पास झाला. बापानं पेढे घेऊन ठेल्यावर सांगितलं, “पोरगा सेट झाला.” सेटभाऊनं पेढा तोंडात टाकला. “वा! आता लग्नाचं पाहू. लागला कुठं?” “लागला नाही अजून. तासावर शिकवते कॉलेजात.” सेटभाऊ गोंधळला. “मंग सेट कुठं झाला?” बाप म्हणाला, “सेट झाला जी, पण सेट व्हायचा आहे.” त्या दिवशी सेटभाऊनं ‘करून देतो’ म्हटलं नाही. त्यानं दुसरा पेढा घेतला नाही. त्याच्या शास्त्रातलं हे एक प्रकरण त्याला येत नाही आणि तेवढं त्याला ठाऊक आहे.

एरवी काम फसलं तरी त्याचा शब्दसंग्रह फसत नाही. साहेब अपसेट होते. वरचा सेटअप बदलला. सगळं सेट झालं होतं, ऐन वेळी सर्व्हर गेला. आता रिसेट करावं लागन. सर्व्हर ही कलियुगातली साडेसाती असल्यामुळं तिच्यावर कुणीच शंका घेत नाही. आणि जे काम कुणी त्याला सांगितलंच नव्हतं, त्याचंही श्रेय घ्यायला तो मोकळा असतो. गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून निघून वेगळा जिल्हा झाला. त्यामागं त्याचे थोडे प्रयत्न होते, असं तो नव्या पोरांना सांगतो. “मुंबईले बसून सेट केलं होतं.” वय मोजलं तर त्या वर्षी तो नववी नापास होता. पण तिथं हिशेब कोण करतो? जिल्हा तर झाला ना?

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. होणाऱ्या कामात सेटभाऊ तरतो. जे काम केल्याशिवाय होत नाही, तिथं तो दुसऱ्याला बुडवतो. खरिपाच्या पीक विम्याची मुदत जुलैअखेर असते. रोवणीची घाई, पऱ्हे पिवळे पडायला लागलेले, मजूर मिळत नाहीत. अशात एका शेतकऱ्यानं कागद सेटभाऊच्या पिशवीत टाकले आणि बांधीत उतरला. सेटभाऊनं सवयीनं अंगठा फिरवला, सवयीनं वाट पाहिली. पण विम्याचा अर्ज पिशवीत राहून वाळत नाही. मुदत गेली. ऑक्टोबरात धान उभं असताना पाऊस आला आणि लोंब्या पाण्यात लोळल्या. शेतकरी ठेल्यावर आला तेव्हा सेटभाऊ तिथं नव्हता; आठ दिवस नव्हता. नवव्या दिवशी आला तो लाल पेनाशिवाय. माझ्या पाहण्यात तेवढं एकदाच.

दलालात आणि त्याच्यात फरक केलाच पाहिजे. दलाल कचेरीच्या आत बसतो आणि रक्कम सांगतो. सेटभाऊ बाहेर उभा असतो आणि चहा सांगतो. त्याची वर्षाची कमाई म्हणजे बेहिशेबी चहा, रोजचा खर्रा, अधूनमधून पेट्रोल आणि लग्नपत्रिकेवर ‘आपले विनीत’च्या रांगेत शेवटून दुसरं नाव. त्याच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप करायला जावं तर पुरावा म्हणून खर्ऱ्याची पन्नी सापडेल. निकाल द्यायचाच झाला तर मी असा देईन, की सेटभाऊ लबाड आहे, पण महाग नाही.

आणि त्याचं गुपित मी फोडणार आहे. त्याला राग आला तर तो सेट करून घेईल. दुपारी कचेरीत सामसूम असते तेव्हा सेटभाऊ आत जातो. साहेबाच्या दालनात नाही. भिंतीवर लोकसेवांचा फलक असतो, त्याच्यासमोर उभा राहतो आणि निळ्या पेनानं डायरीत उतरवून घेतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणं तो फलक लावावाच लागतो. कोणता दाखला किती दिवसांत मिळणार, देणारा अधिकारी कोण, नाही दिला तर पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. सेटभाऊ त्यातले दिवस पाठ करतो, त्यात दोन मिळवतो आणि बाहेर येऊन आपल्याला सांगतो.

फलक मराठीत आहे आणि वाचायला पैसे पडत नाहीत. पुढच्या खेपेला गेलात तर ठेल्यावर थांबण्याआधी तो वाचून घ्या. अर्ज दिलात की क्रमांक घातलेली पोच मागा. ती कुणी सेट करून द्यावी लागत नाही; कायद्यानं ती द्यावीच लागते.